काळ्या पट्ट्याची तयारी आणि आमचे सर

ज्युदोच्या काळ्या पट्ट्यासाठी मला 'नागे-नो-काता', म्हणजे जोडीदारासोबत ठरावीक क्रमाने करायच्या फेकींचा संच, सादर करायचे होते. हात, कंबर आणि पाय यांच्या फेकी, तसेच स्वतः पाठीवर किंवा कुशीवर झोकून देऊन केलेल्या फेकी, अशा पाच गटांत मिळून त्यात 15 फेकी येतात. प्रत्येक फेक उजवीकडून आणि डावीकडून करायची असल्यामुळे 'उके'ला, म्हणजे फेकल्या जाणाऱ्या जोडीदाराला, एकूण 30 वेळा पडावे लागते.

आमचे सर एका राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष आहेत. निवड चाचण्या, पंचांच्या नेमणुका आणि राज्य संघटनांच्या तक्रारी यांत त्यांचा दिवस सरतो. तरीही पुण्यात असले की पहाटे कोथरूडच्या हॉलमध्ये मॅट पुसायला तेच सर्वांआधी हजर असतात. माझ्या सरावाला उके म्हणून ते स्वतः उभे राहिले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सर्वाधिक वेळ गेला तो 'काता-गुरुमा'वर. जोडीदाराची बाही ओढत, उजवा हात त्याच्या मांडीच्या आतून घालून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवे उचलायचे आणि पुढे टाकायचे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उभ्याने लढताना पाय पकडण्यावर 2013 पासून पूर्ण बंदी आहे, त्यामुळे आमच्या पिढीच्या अंगात ही पकड मुरलेलीच नाही. "गुडघ्यांत बस, कमरेत वाकू नकोस," एवढेच सांगून सर पुन्हा समोर येत. माझा खांदा त्यांच्या पट्ट्याखाली नेमका बसला, तेव्हा त्यांचे वजन जाणवेनासे झाले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी सांगितलेला शक्तीचा सर्वोत्तम उपयोग मला त्या क्षणी अंगाने समजला. पदावर गेलेल्या माणसाने मॅट सोडू नये, असे मला मनापासून वाटते, कारण खेळाडूंविषयीचे निर्णय घेणाऱ्याला पडण्याचा मार ठाऊक असायलाच हवा.

परीक्षेत वर्गातल्या एका ताई माझ्या उके होत्या. आपल्याच विद्यार्थिनीची परीक्षा म्हणून सर परीक्षकांत बसले नाहीत, हॉलमध्येही आले नाहीत. उत्तीर्ण झाल्याचे मीच त्यांना फोनवर सांगितले. त्याच फोनवर त्यांनी 'कातामे-नो-काता'चा, म्हणजे जमिनीवरच्या पकडी, गळा आवळणे आणि सांधे अडकवणे या 15 तंत्रांचा सराव सोमवारपासून सुरू करायला सांगितले.