कड दिसली पाहिजे

जेवण झाल्यावर पुतणी प्रिंट काढायला आली. वालचंद कॉलेजला आहे, कॉम्प्युटरच्याच शाखेला, त्यामुळे माझ्या टेबलाकडे येताना तिच्या चेहऱ्यावर आधीच थोडी दया असते. खुर्चीत बसली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, केवढं उघडून ठेवलंय हो!" मी काही बोलायच्या आत तिनं विंडोजचं बटण आणि डी दाबलं. सगळं गेलं. मागं राहिला तो डोंगर आणि तळं असलेला वॉलपेपर. तो तिथं आहे हेच मी विसरून गेलो होतो.

"आता बघा, कसं स्वच्छ दिसतंय."

प्रिंट घेऊन ती गेली. तीच दोन बटणं पुन्हा दाबली की सगळं परत येतं. आलंही. पण दुपार जरा बिघडली ती बिघडलीच.

मी लोकांचे हिशेब लिहितो. सांगलीत गावभागात घर, घरातच पुढच्या खोलीत ऑफिस. हिशेबाची टॅली उघडी असते, तिच्यावर एक्सेलच्या दोन फायली तिरप्या टाकलेल्या, बाजूला बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ, मेल, व्हॉट्सॲप आणि एका कोपऱ्यात कॅल्क्युलेटर. एक्सेल समोर असताना कॅल्क्युलेटर कशाला, म्हणून पुतणी हसते. हसू दे. एक्सेलवर माझा पूर्ण विश्वास आहे, त्यात सूत्र टाकणाऱ्यावर नाही.

यातली एकही विंडो मी पूर्ण स्क्रीनभर करत नाही. दुसऱ्या कुणी केली तर मला राग येतो, आणि तो लपवता येत नाही. लोकांना ती सवयच असते. माउस हातात आला की पहिल्यांदा वरच्या पट्टीवर दोनदा टिचकी मारायची आणि सगळी जागा एकट्यानं बळकावायची. हातभर रुंद स्क्रीनवर एकच मेल पसरून वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. मेल दोन ओळींचं. बाकी सगळा पांढरा माळ.

माझी अडचण अशी की जे दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच. मिनिमाइज केलेलं काम पूर्ण झालं असंच मला वाटतं. म्हणून मागच्या विंडोचा एखादा कोपरा, एखादी पट्टी, एखाद्या रकान्याची शेवटची दोन आकड्यांची शेपटी बाहेर हवी. तेवढ्यावरून मला कळतं मागं कोण बसलंय ते.

हे माझ्या आबांकडून आलंय. आबा मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचं दुकान. मे महिन्याच्या सुट्टीत आज्जी मला डबा घेऊन पाठवायची आणि मी डबा द्यायच्या निमित्तानं तिथंच दुपार काढायचो. दुकानात शिरल्या शिरल्या नाकात हळद जायची. पहिल्या पाच-सहा शिंकांनंतर नाक गप्प बसायचं. गादीवरची चादर पांढरी म्हणून अंथरलेली असायची, पण मी तिला पांढरी कधी बघितली नाही. आबांच्या बोटांची पेरं पिवळी, चष्म्याची दांडी पिवळी, उतरत्या लाकडी डेस्काच्या कडा पिवळ्या. घरी आल्यावर आज्जी त्यांचं धोतर वेगळ्या बादलीत टाकायची.

त्या डेस्कावर आणि आजूबाजूला त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या उघड्या पडलेल्या असायच्या. कीर्द, खतावणी, तोलाची वही, आणि शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब म्हणजे पट्टी, तिचं पट्टीबुक. एकीवर एक, पण सरळ रचलेल्या नाहीत. प्रत्येकीची बोटभर कड खालून बाहेर. बाहेर हमालांचा आरडाओरडा, काट्यावर पोती चढतायत, उतरतायत, आणि मधेच एखादा शेतकरी डोक्यावरचा पटका सोडत गादीच्या कडेला टेकायचा. "दिवाणजी, आमची पट्टी बघा की जरा." आबा त्याच्याकडे बघत, गावाकडच्या पावसापाण्याचं विचारत, हात मागं नेऊन एक कड पकडायचे आणि ओढायचे. नेमकी तीच वही यायची. त्या माणसाचं नाव, पोती, तोल, भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, आधी घेतलेली उचल वजा. राहिलेला आकडा ते जरा हळू आवाजात सांगायचे. राजापुरी हळदीचा भाव चांगला लागलेला असला तर जरा मोठ्यानं.

एकदा मालकांचा थोरला मुलगा कॉलेजातून सुट्टीला आला होता. त्यानं आबा जेवायला उठल्यावर सगळ्या वह्या मिटून, कडा जुळवून, नीट थप्पी लावून ठेवली. वर फडकंही घातलं. आबा आले, बसले, थप्पीकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. मालकाच्या मुलाला काय बोलणार? पण त्या संध्याकाळी पट्ट्या करायला दिवे लागले, आणि घरी येताना गणपती मंदिरापाशी ते मला म्हणाले, "वही मिटली तर मिटली. कड दिसली पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर गेले. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा पसारा जागच्या जागी होता.

गंमत म्हणजे त्याच बाजारात भाव मात्र झाकून व्हायचे. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे आणि त्याच्या आत बोटं दाबून आकडे सांगायचे. बाजूला उभ्या माणसाला काही कळायचं नाही. मला ते फार आवडायचं, मी आणि धाकटा भाऊ घरी टॉवेलखाली चिंचोक्यांचे सौदे करायचो. साहेब आल्यावर ऑल्ट टॅब मारून, म्हणजे दुसरी विंडो पुढं आणून, क्रिकेटचा स्कोअर झाकणारी पोरं पाहिली की हा रुमाल आठवतो. पण ते जाऊ दे.

पुढं कधीतरी वाचनात आलं की स्क्रीनवर कागदावर कागद ठेवल्यासारख्या विंडो ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमधली. पार्क म्हणजे बाग नव्हे, झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र. तिथं १९७३ साली अल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. स्क्रीन लहान, दाखवायचं खूप. तिथला संशोधक ॲलन के आणि त्याच्या मंडळींनी ठरवलं की टेबलावर जसे कागद एकमेकांवर पडतात तसेच इथं पडू देत. वरचा पूर्ण दिसेल, खालच्याची कड दिसेल. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसलो. आबांना हे सांगायला हवं होतं, पण तोवर आबा नव्हते. असते तरी म्हणाले असते, "मग त्यात काय विशेष?"

याच्या पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. १९७९ मध्ये ॲपलची माणसं पार्क बघायला गेली, त्यात बिल ॲटकिन्सन हा प्रोग्रॅमर होता. परत आल्यावर त्याच्या डोक्यात असं की तिथं वरची विंडो सरकवली की झाकलेला भाग आपोआप पुन्हा रंगतो. त्यानं ते बघितलंय, म्हणजे होतंय, म्हणजे करता येतं. मग त्यानं डोकं लढवून ते करून दाखवलं, ज्याला रीजन्स म्हणतात ते. मागाहून कळलं की पार्कमध्ये तसं होतच नव्हतं. त्या दिवसांत त्याच्या गाडीला मोठा अपघात झाला. स्टीव्ह जॉब्ज हॉस्पिटलात भेटायला गेला तेव्हा ॲटकिन्सननं त्याला धीर दिला म्हणे, की काळजी नको, रीजन्स अजून लक्षात आहेत. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला तो हे घेऊनच.

आणि आपल्याकडे पुढं घरोघरी पोचलं ते विंडोज. १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत विंडो एकमेकींवर चढूच शकत नव्हत्या. शेजारी शेजारी, फरशा बसवल्यासारख्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर आल्या, आणि १९८८ मध्ये ॲपलनं मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. बऱ्याच गोष्टींवरून वाद होता, त्यात एकावर एक विंडो हाही मुद्दा होता. काही वर्षं कोर्टात घासून ॲपल हरलं. आपली कोर्टं बघितलेल्या माणसाला काही वर्षं म्हणजे लवकरच निकाल लागला म्हणायचा.

मी कॉम्प्युटरला हात लावला तो विंडोज ९५ च्या काळात, म्हणजे स्क्रीनच्या खाली टास्कबारची पट्टी आली तेव्हा. त्या पट्टीवरून माझा आणि पुतणीचा दुसरा वाद. मला प्रत्येक विंडोचं वेगळं बटण हवं, नावासकट. एक्सेलच्या सगळ्या फायली एकाच चिन्हाखाली कोंबलेल्या मला चालत नाहीत. विंडोज ११ आलं २०२१ साली, त्यात बटणं वेगळी ठेवायची सोय नव्हती. २०२३ मध्ये ती परत आली. तोवर मी विंडोज १० सोडलं नाही. या कारणासाठी कुणी आवृत्ती बदलायचं लांबवतं का, असं पुतणीनं विचारलं. लांबवतं.

खरं काम मात्र ऑल्ट टॅबवर चालतं. महिन्याच्या मध्याला टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी, उतरवायचं आणि ते खरेदीच्या रजिस्टरशी ताडून बघायचं. इकडची बिलं तिकडं आहेत का, तिकडची इकडं आहेत का. सगळा वेळ दोनच विंडोंमध्ये जा-ये. डावा अंगठा ऑल्टवर, बोट टॅबवर, आणि टॅबच्या बटणावरचे बाण कधीच पुसून गेलेत. या ऑल्ट टॅबचा क्रम उघडण्याच्या क्रमानं नसतो, शेवटी कुठं होतात त्यावर असतो. ज्या विंडोला आत्ता हात लावला ती पहिली, तिच्या आधीची दुसरी. म्हणून एकदाच दाबलं की माणूस आत्ता जिथून आला तिथंच परत जातो, डोकं न वापरता. आबांच्या गादीवर हेच चालायचं, वापरलेली वही वर.

पण यात एक गोम आहे. ज्याला हात लावावासा वाटत नाही ते आपोआप मागं मागं जातं. एका जुन्या क्लायंटला उत्तर लिहायला घेतलंय. भावाभावांची वाटणी आहे आणि त्यात मला मध्यस्थ म्हणून ओढलंय. दोन वाक्यं लिहून झालीत. ते मेल आता ऑल्ट टॅबच्या रांगेत असं काही मागं गेलंय की तिथवर पोचायला बोट दुखतं. कुणी ते मागं सारलेलं नाही, फक्त बाकीचं सगळं पुढं गेलं. दिसतं मात्र अजून, कॅल्क्युलेटरच्या डावीकडून त्याची पट्टी बाहेर आलेली आहे. बघतो.

पुतणीचं म्हणणं, वेगवेगळे डेस्कटॉप करा. कामाचा एक, घरचा एक. विंडोज १० पासून ती सोय आहेच. पण सांगलीत काम आणि घर वेगळं असतं कुठं? क्लायंट चहाला येतो, भडंग खात खात बँकेचं पासबुक काढतो आणि जाताना मुलीच्या स्थळाचं विचारून जातो. त्याला कुठल्या डेस्कटॉपवर ठेवू?

पावसाळ्यात यात एक विंडो वाढते. कोयनेतून किती सोडलंय आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, त्याची. जुलैपासून नदीकाठच्या गल्ल्यांत ही बातमी कुणी मिटत नाही, कुणी मोबाइलवर बघतं, कुणी कॉम्प्युटरवर, कुणी सरळ पुलावर जाऊन येतं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. मी ती विंडो एक्सेलच्या मागं अशी ठेवतो की उजव्या कोपऱ्यातून फक्त आकडा दिसावा. तिसाच्या घरात असला तर माणसं चौकशी करतात. चाळीसच्या पुढं गेला की चौकशी थांबते आणि खालचं सामान वर जायला लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं त्या रात्री मी खुर्चीत बसून सगळ्या विंडो बंद केल्या. एकेक. सेव्ह, बंद. सेव्ह, बंद. खालची पट्टी रिकामी झाली, शेवटी कृष्णेची राहिली, तीही बंद केली. शटडाउन, वायरी काढल्या आणि सीपीयू उचलून वरच्या मजल्यावर नेला. आबांच्या ज्या थोड्या वह्या घरी होत्या त्यांचा २००५ च्या पुरातच लगदा झाला होता, त्यामुळे कागदांत न्यायला तसं फार काही नव्हतं.

तर एवढं सगळं उघडं असतं. त्यातलं निम्मं नको असेल, हे पुतणीचं म्हणणं मी खासगीत मान्य करतो. ऑल्ट धरून टॅब मारत रांगेच्या अगदी टोकाला गेलं की एक नोटपॅड आहे, बिननावाचं. त्यात १४,२५० एवढंच लिहिलंय. नाव नाही, तारीख नाही, येणं की देणं तेही नाही. हल्लीचं नोटपॅड सेव्ह न केलेलंही जपून ठेवतं, त्यामुळे मशीन मधे कितीही वेळा बंद झालं तरी ते उघडलं की हा आकडा हजर. टॅलीत असता तर सस्पेन्सला, म्हणजे कशाचे ते न कळलेल्या रकमांच्या खात्याला, टाकून मोकळा झालो असतो. जीएसटी धरून असेल म्हणून १८ टक्क्यांनी मागं काढून बघितलं, ५ नी बघितलं, सरळ रक्कम येत नाही. कुणाला विचारायची सोय नाही. ज्याला विचारावं त्याला ते आपलंच येणं वाटणार.