तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी गाण्यात शूबर्ट कुठून आला?

ठाण्यात कार्यक्रम झाला की गडकरी रंगायतनबाहेर कुणीतरी गाठून हमखास विचारतं, "गाणी तुमची मराठी, चाली रागांतल्या. मग ते युरोपातलं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचं, लहान खोलीत वाजवायचं संगीत, इतकं का ऐकता? त्याचा तुमच्या गाण्याशी काय संबंध?" तिथल्या गर्दीत उत्तर अर्धंच राहतं. इथे पुरं देते.

संबंध आहे तो साथीचा. आपल्या भावगीतात वाद्यं बहुतेक वेळा दोन कामं करतात. गळ्याच्या मागोमाग तीच चाल वाजवायची, नाहीतर दोन ओळींमधली जागा भरायची. ही रीत मला प्रिय आहे. पी. सावळारामांच्या या गावात मी तीच ऐकत वाढले. पण स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुराचा) आणि एक चेलो (त्याहून मोठा, आणखी खालच्या सुराचा), इतक्यातच सगळा संसार असतो. तिथे एकाने सुरू केलेली गोष्ट दुसरा पुढे नेतो, तिसरा मध्येच अडवतो, चौथा गप्प राहतो आणि त्याचं गप्प राहणंही ऐकू येतं. ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन, त्याची १७८१ सालची 'ऑपस ३३' या संचातली सहा क्वार्टेट ऐका. आत्ता साथ वाटत होता तो तुकडाच पाहता पाहता मुख्य चाल होऊन बसतो.

पण मला खरं शिकवलं ते व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्टने. तो मुळात गाणी रचणारा माणूस, सहाशेहून जास्त गाणी त्याच्या नावावर आहेत. त्याने १८२८ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोन चेलो घेऊन एक क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, लिहिलं. ते छापलं गेलं थेट १८५३ मध्ये. त्याचा दुसरा भाग मी किती वेळा ऐकला असेन, सांगता येणार नाही. मधली तीन वाद्यं लांबच लांब स्वर धरून असतात. चाल जवळजवळ हलतच नाही. वरचं व्हायोलिन तुटक तुटक काही बोलतं, खालचा, म्हणजे दुसरा, चेलो बोटांनी तार छेडत राहतो. मग अचानक वादळ उठतं, बराच वेळ झोडपतं आणि थांबतं. पहिली शांत चाल परत येते. पण आता दुसऱ्या चेलोत खाली धावपळ चालू असते. चाल तीच, स्वर तेच, पण ती आधीसारखी राहिलेली नसते. मधे काय घडलं ते खालच्या वाद्याला आठवतंय.

आपल्या गाण्यात प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो. शब्द तेच, चाल तीच, आणि सहसा साथही तीच. अंतऱ्यात माणूस रडला, घर सोडून गेला, तरी मुखडा काही घडलंच नाही असा येतो. मला हे खुपायचं, पण का खुपतं ते शूबर्ट ऐकल्यावर कळलं.

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटवर माझं गाणं आहे. मुखडा असा: 'चावी दिली, दार मात्र माझ्याकडेच राहिलं.' पहिल्यांदा ही ओळ नुसत्या पेटीच्या धरलेल्या स्वरांवर येते. अंतऱ्यात सामान बांधणं, टेम्पो, जिन्यावरची हाकाटी, तिथे चेलो सारखा पळतो. मुखडा परत येतो तेव्हा गळा शांत असतो, पेटी शांत असते, चेलो मात्र थांबत नाही. यामुळे तिसरा अंतरा मला काढून टाकता आला. त्यात घर सुटल्याचं दुःख समजावून सांगितलं होतं. ते आता चेलोच सांगतो. गीत लिहिणारीला याहून मोठी मदत कोणती?

चेलो वाजवणारं माणूस दर वेळी मिळत नाही. मग तो धागा मी गिटारच्या खालच्या तारांवर घेते. जमतं.

पुढचा प्रश्न ठरलेला, "पण मग राग बिघडत नाही का?" बिघडतो, कीबोर्डवर जाड कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक स्वर, दाबून ठेवले तर. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून झंकारणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. यमनमध्ये तो कानाला बोचतो. व्हायोलिन आणि चेलोला पडदेच नसतात, बोट हवं तिथे सरकतं. त्यामुळे गळ्याला वाद्याची दुसरी स्वरांची ओळ जोडूनही गंधार जागेवर राहतो. म्हणून मी कॉर्ड कमी करते आणि वाद्यांच्या अशा ओळी वाढवते.

शूबर्टचं बरंचसं संगीत व्हिएन्नात मित्रांच्या घरी, जवळ बसलेल्या माणसांसमोर वाजलं. बैठकीची सवय असलेल्या आपल्या लोकांना ते परकं वाटायचं कारण नाही. ठाण्यात माइकशिवाय चार वाद्यं ऐकता येतील अशी एखादी लहान खोली हवी, असं मला फार वाटतं. सध्या त्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जावं लागतं.

तुम्हाला ऐकून पाहायचं असेल तर त्या क्विंटेटच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. पहिल्यांदा सगळं ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालच्या चेलोवर कान ठेवा, आणि वादळानंतर तो काय करतो ते मला पुढच्या कार्यक्रमात सांगा.