फिब्युलाची साइड आणि आजीचं मनगट

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज फिब्युलानं, गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडानं, इज्जत घालवली. लोअर लिंबचा बोन व्हायवा, म्हणजे पायाच्या हाडांची तोंडी परीक्षा, टेबलावर फीमर (मांडीचं हाड) टिबिया (नडगीचं) हिप बोन सगळं मांडलेलं आणि सरांनी नेमकी ती काडी उचलून माझ्या हातात दिली, म्हणे साइड सांग, उजव्या पायाचं की डाव्या. फीमर आला असता तर झोपेत सांगितलं असतं, डोकं आत, लिनिया अस्पेरा नावाचा खडबडीत कंगोरा मागे, संपला विषय. इथे मी खालचं टोक वर धरलं होतं आणि वरून ठासून 'राइट सर' म्हणाले. सर म्हणाले, मॅडम, पेशंटला आधी पायावर तरी उभं करा. मागे सगळे खिदळले, हसा लेको, तुमचाही नंबर येईल.

घरी येऊन पाहिलं तर एवढं अवघड नव्हतंच. खालच्या टोकाला आतल्या बाजूला त्रिकोणी फॅसेट, म्हणजे गुळगुळीत सपाट जागा, आणि त्याच्या मागे एक खड्डा, मॅलिओलर फोसा, तो खड्डा मागे आला की साइड कळली.

पण बोन सेटची, अभ्यासाच्या हाडांची, पिशवी आजी खाली येऊ देत नाही, घरात देवघर आहे म्हणते, वर गच्चीच्या खोलीत घेऊन बस. आमच्या नागपूरच्या महाल भागातली गच्चीची खोली, मे महिना, कूलरपण नाही. मग खालीच दिवाणावर बसून स्वतःचाच पाय चाचपत बसले. घोट्याचं बाहेरचं टोक फिब्युलाचं, आतलं टिबियाचं, आणि बाहेरचं थोडं जास्त खाली असते, हे वीस वर्षं पायात पायल घालून कधी दिसलं नव्हतं. गुडघ्याच्या खाली बाहेरून जो गोटा लागतो ते फिब्युलाचं डोकं, त्याच्या मानेला कॉमन पेरोनियल नर्व्ह ही नस गुंडाळून जाते, प्लास्टर तिथे घट्ट बसलं तर पाऊल लुळं पडू शकते.

आजी बघत होती. "काय वं पोरी, पाय काऊन दाबून राहिली, दुखते का?" म्हटलं नाही, अभ्यास करून राहिले, आण तुझा हात. अंगठा ताणायला लावला, मनगटाशी खळगा पडला, त्याचं नाव तपकिरीची डबी, तळाशी स्कॅफॉइड नावाचं मनगटाचं छोटं हाड असते. आजीला तपकीर लगेच कळली, म्हणे आमच्या मामंजीची डबी होती. (आत्ता नाव ठेवलं असतं तर नागपुरात खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडीच म्हटलं असतं.)

मग दोन्ही बाजूंची टोकं शोधली, रेडियसचं (अंगठ्याकडचं हाड) स्टायलॉइड, म्हणजे टोकदार टोक, आणि अल्नाचं (करंगळीकडचं). रेडियसचं साधारण एक सेंटीमीटर खाली पाहिजे. माझ्या हाताला तसंच. आजीच्या डाव्या हाताला तसंच. उजव्याला दोन्ही एका रेषेत! तीनदा बोट ठेवून पाहिलं. "आजी, हा हात मोडला होता का गं?"

"तुले कोनं सांगितलं? अंगनात घसरली होती मी, तुह्या बापाच्या लग्नाच्या आधी. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, दीड मयना."

कोलीज फ्रॅक्चर. तळहातावर पडलं की रेडियसचं खालचं टोक तुटून मागे सरकते, हाड आखूड होते आणि दोन टोकं सारख्या लेव्हलला येतात. डब्लिनच्या अब्राहम कोलीजनं हे १८१४ मध्ये लिहून ठेवलं, तेव्हा एक्स-रे कुठे होता, तो १८९५ चा. माणसानं बोटानंच ओळखलं असणार. आणि मी हातात हाड असून ओळखलं नाही, असो.

आजीनं हात काढून घेतला आणि म्हणे, सोड आता, कनिक मळाची आहे. कणीक मळताना ती सगळा जोर डाव्या हातावर देते, उजवा नुसता परातीला धरलेला. मला लहानपणापासून वाटायचं आजी डावरी आहे.

शुक्रवारी परत व्हायवा.