रत्नागिरीत पळायचं तर आधी तिथी बघा

भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पहाटे पळायला जाणाऱ्याने घड्याळाआधी कालनिर्णय बघावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती पूर्ण. ओहोटी तिथून सव्वासहा तासांनी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण पळायला एवढा हिशेब पुरतो.

यातून निघतं ते असं: पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळी सहाला पाणी मागे असतं आणि ओली, घट्ट पुळण, म्हणजे पाण्यालगतची वाळू, मोकळी मिळते. सप्तमी ते दशमी त्याच वेळी भरती असते. उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिच्यात टाच रुतते, पोटऱ्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

भाट्याचा किनारा जवळजवळ सरळ आहे, दीडेक किलोमीटरचा. पुलाच्या बाजूने सुरू करून सुरूच्या बनाच्या कडेने झरीविनायकापर्यंत जाऊन परत आलं की तीन किलोमीटर होतात. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो. एकाच दिशेने पळून रिक्षाने परतणाऱ्याचा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो तो यामुळेच. जाताना जितकं तितकंच येताना पळा, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा येतो. वाळूवर वेग कमी पडणारच. डांबरी रस्त्यावरचा वेग इथे धरू नये. काजळी नदीच्या मुखाकडे पाय धुवायलासुद्धा पाण्यात शिरू नका, ओहोटीला तिथे ओढ असते.

सप्तमी-अष्टमीला मांडवीहून पेठकिल्ल्यामार्गे रत्नदुर्ग किल्ला गाठावा. शेवटचा चढ दमवतो; तिथे पावलं आखूड टाका, चालावं लागलं तरी चालेल. वर भगवतीच्या देवळापाशी पोचलात की तिन्ही बाजूंना समुद्र. आमच्या मते सगळ्या शहरात याहून चांगलं वळसा घ्यायचं ठिकाण नाही. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. चढताना काही वाटत नाही, घसरतो माणूस उतरताना. जून ते सप्टेंबर पायऱ्या सोडून डांबरी रस्त्यानेच उतरा.

मिरकरवाडा बंदराकडून जायचं असेल तर मासळीच्या गाड्यांतून सांडलेलं पाणी बघून पाय टाका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेवढे दिवस रस्ता बरा असतो.

वाऱ्याचं म्हणाल तर पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारनंतर समुद्राकडून खारा. ऑक्टोबरात घाम सुकतच नाही, अशा वेळी नुसतं पाणी पिऊन भागत नाही. अर्ध्या लिटर कोकम सरबतात मीठ जरा जास्तच घाला.

आणि बूट घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. उन्हात ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो.