लसीचा डबा, आण्णा आणि चाळकेवाडीचा सडा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. वळवाचे दोन जोरदार पाऊस होऊन गेले होते आणि वरच्या वाडीतल्या म्हशींची लस अजून राहिली होती. घटसर्प आणि फऱ्या, दोन्ही पावसाळ्यात उठणारे रोग. लस त्याआधी टोचून अंगात मुरायला हवी. पहाटे साडेपाचला लसीचा बर्फाचा डबा मागच्या सीटवर पट्ट्याने आवळला, शेजारी आण्णा बसले आणि साताऱ्यातून समर्थ मंदिरावरून बोगद्यातून बाहेर पडलो.

आण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेत. मी महिंद्राची थार घेतली तेव्हा आठ दिवस धड बोलले नव्हते. "जनावरांच्या डॉक्टरला एवढी गाडी कशाला?" त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. हप्ता जड आहे, लिटरभर डिझेलमध्ये बारा किलोमीटरच्या वर जात नाही आणि मागच्या सीटच्या पाठीमागे दोन पिशव्या ठेवल्या की जागा संपते. पण २०१९ चा पावसाळा माझ्या डोक्यातून जात नव्हता. याच वाडीतून म्हैस अडल्याचा फोन आला. माझी छोटी गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबली. बॅग डोक्यावर घेऊन पाऊण तास चिखल तुडवत गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. घरातल्या आजी एक शब्द बोलल्या नाहीत, उलट चहा केला. तो घोट माझ्या घशाखाली उतरेना. २०२० मध्ये नवी थार बाजारात आली, पुढच्या वर्षी मी जुनी गाडी विकली आणि कर्ज काढलं.

सज्जनगडाचा फाटा मागे पडला. खाली उरमोडी धरणाचं पाणी पार तळाला गेलेलं. ठोसेघरला चहा घेतला, धबधबा अजून कोरडाच होता. चाळकेवाडीच्या पठारावर पोचलो तेव्हा पवनचक्क्यांची पाती धुक्यात अर्धीच दिसत होती, नुसता हूं हूं आवाज. इथून डांबर सोडायचं.

वाडीची वाट जांभ्याच्या कातळावरून जाते आणि शेवटचा टप्पा लाल मातीचा, तीव्र उताराचा. पावसाच्या पाण्याने मधोमध हातभर खोल चर पडलेला. मी उतरले, आधी पायी जाऊन वाट बघून आले. मग चाकांची हवा ३२ पीएसआयवरून २२ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि मातीला जास्त धरतो. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून छोटा दांडा फोर-लोला टाकला, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर. हा दांडा डांबरावर वापरायचा नसतो. या गाडीत पुढची-मागची चाकं तेव्हा एकत्र जखडली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, कोरड्या रस्त्यावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. चिखलात मात्र त्याच्यासारखा सोबती नाही.

"पहिला टाक," आण्णा म्हणाले. "आणि ब्रेकवरचा पाय काढ. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं."

पाय काढला. गाडी माणसाच्या चालीने, इंजिनाच्या धाकात, एकेक वीत उतरू लागली. डावं पुढचं चाक चराच्या कडेवर, उजवं दगडावर, आणि पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा असूनही एका ठिकाणी दगड खरवडल्याचा आवाज आला. आण्णांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नाही तिथे, जोरात दाबलेला. एक हात मागे नेऊन त्यांनी लसीचा डबा धरून ठेवला होता. खाली पोचल्यावरच तो हात सुटला.

गवळी-धनगरांची सात घरं. म्हशी गोठ्यात बांधून ठेवल्या होत्या. दीड तासात एकतीस जनावरं झाली. डबा उघडला तेव्हा बर्फ अजून खळखळत होता. लस गार राहिली नाही तर टोचून काही उपयोग नसतो, आणि पूर्वी पायी येताना हीच धास्ती असायची. आजींनी खरवसाची वाटी हातात दिली. "डॉक्टरीणबाई, आता तुमची गाडी वाजली की म्हशी कान टवकारत्यात."

परत वर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. काम झालं होतं, पण आण्णांना सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, बघायचा होता. गाडी वाटेवरच उभी केली आणि चालत निघालो. कातळावर एक सरडा मान उंचावून उभा. त्याने गळ्याखालचा पंखा उघडला, निळा, काळा, नारिंगी, आणि मिटला. पुन्हा उघडला. आम्ही चार पावलांवर होतो तरी तो हलेना. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी याच पठारावरून या जातीची नोंद केली, ‘सारडा सुपर्बा’. त्यातलं सारडा म्हणजे आपल्या मराठीतलाच सरडा. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झालेत, म्हणून इथले सरडे वाढलेत आणि माणसाला बरंच जवळ येऊ देतात.

त्या सरड्यापासून वीस पावलांवर टायरचे गोल गोल वळसे होते. कोणीतरी पहिल्या पावसाच्या ओल्या मातीत गाडी गरागरा फिरवली होती. मला याचा संताप येतो. सड्यावर मातीचा थर जेमतेम दोन बोटांचा असतो. त्यातच सप्टेंबरातल्या तेरड्याचं, सीतेच्या आसवांचं बी असतं, त्यातच सरड्याची मादी अंडी घालते. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथे राखण आहे. इथे कोणी बघायला नाही. चारही चाकांना जोर असलेली गाडी माझ्याकडेही आहे, म्हणून वाट सोडून एक चाक बाहेर टाकायचं नाही हे मी पाळते.

डांबराशी येऊन हवेचा पंप गाडीच्या सॉकेटला लावला. चार चाकं पुन्हा ३२ वर यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात आण्णा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते. ठोसेघरपर्यंत त्यांनीच चालवली, सगळा उतार दुसऱ्या गिअरात.

दोन म्हशी त्या दिवशी रानात गेल्या होत्या, त्यांची लस राहिलीय. बुधवारी पुन्हा जायचंय. खराट्याने गाडीखालची लाल माती काढता काढता आण्णांनी विचारलं, "पहाटे किती वाजता?"