इन-सेमनंतरचा आठवडा

पहिल्या वर्षाच्या मेंटरिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सोबत एक सूचनाही आली: ‘फर्स्ट जनरेशन’ मुलांसाठी माइंडसेट ट्रेनिंग घ्या. म्हणजे ज्यांच्या घरात आई-वडील दोघंही कॉलेजची पायरी चढलेले नाहीत, अशी मुलं. आणि ट्रेनिंग म्हणजे, अपयशाकडे कसं बघायचं हे शिकवणारं सत्र. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज पुणे विद्यापीठाला संलग्न आहे आणि माझ्या टीजी बॅचमध्ये अशी मुलं निम्म्याहून जास्त. टीजी म्हणजे टीचर गार्डियन. मुलांच्या लेखी, हजेरी कमी पडली की घरी फोन लावणाऱ्या बाई.

पहिला पेच होता, हे घ्यायचं कधी? सगळे कार्यक्रम इंडक्शनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ओळख-कार्यक्रमात, कोंबायची आमच्याकडे पद्धत आहे. पण ज्यांच्यासाठी हे चाललंय, त्यातली बरीच मुलं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत येतात. कुणाला फेऱ्यांचं गणित उशिरा कळलेलं असतं, कुणाचं नॉन-क्रीमीलेयर सर्टिफिकेट तहसीलमध्ये अडकलेलं. ती येतात तोवर इंडक्शनचा मांडवही उतरलेला असतो. शिवाय पहिल्या आठवड्यात सगळेच खुशीत असतात. गावच्या चौकात बारावीच्या टक्क्यांचा फ्लेक्स अजून टांगलेला असतो. अशा मुलाला अपयशाबद्दल काय सांगणार?

म्हणून मी सत्र इन-सेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे, मार्क लागल्यावर ठेवलं. तेव्हाच्या 2019 पॅटर्नमध्ये ही परीक्षा 30 मार्कांची होती. तालुक्यात पहिला आलेला मुलगा एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, 6 मार्क पाहतो आणि रूमवर जाऊन झोपतो. डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरातल्या पोरालाही तेवढेच पडलेले असतात. पण त्याचा मोठा भाऊ फोनवर सांगतो, ‘अरे, एम-वनला सगळ्यांचंच असं होतं, एंड-सेमला काढ.’ पहिल्याला हे सांगणारं कुणी नसतं. मग तो स्वतःच अर्थ लावतो, की हे आपल्यासारख्यांचं काम नाही.

वाचायला बसले तर या विषयावरचं बरंचसं काम अमेरिकेतलं निघालं, आणि त्यातला प्रामाणिकपणा मला आवडला. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना तासाभरापेक्षाही कमी वेळाचं ऑनलाइन सत्र दिलं होतं. बुद्धी मेहनतीने वाढते, असा त्याचा गाभा. मागे पडणाऱ्या मुलांच्या ग्रेडची सरासरी, जी तिथे 4 पैकी मोजतात, 0.1 ने वाढली. बस्स, एवढीच. तीही जिथे वर्गातली बाकीची मुलं अवघड कामाला हात घालत होती तिथे जास्त. आमच्याकडे माइक हातात घेऊन ‘तुम्ही काहीही करू शकता’ म्हणणारे वक्ते येतात, त्यांना हा आकडा दाखवावासा वाटतो.

मला जास्त उपयोगी पडला 2014 चा दुसरा प्रयोग. तिथे सीनियर मुलांनी नव्या मुलांशी तासभर गप्पा मारल्या. एका गटाला त्यांनी नुसत्या टिप्स दिल्या. दुसऱ्या गटाला त्याच गोष्टी आपल्या घरच्या परिस्थितीसकट सांगितल्या. या दुसऱ्या गटातल्या पहिल्या पिढीच्या मुलांचे मार्क वर्षअखेरीस सुधारले, आणि ती शिक्षकांकडे मदतही जास्त मागू लागली.

तेव्हा वक्ता रद्द. मी तिसऱ्या वर्षाची चार मुलं बसवली आणि एकच अट घातली: प्लेसमेंटबद्दल बोलायचं नाही, पहिल्या सेमबद्दल बोलायचं. बीडकडचा एक मुलगा, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तो म्हणाला, “मॅडमच्या केबिनबाहेर चपला काढायच्या का नाही, हेच कळंना मला. मग गेलोच नाही दोन महिने.” वर्ग हसला, पण मागच्या बाकांवरची मुलं जरा जास्तच मोकळी हसली. पुढे त्याने सांगितलं की तो एक वाक्य पाठ करून जायचा: ‘सर, तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं, पुढचं नाही.’ नुसतं ‘डाउट आहे’ म्हटलं की सर विचारतात कुठला, आणि आपण गप्प. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हेच वाक्य घेऊन मुलं यायला लागली, काही तर तिसरी ओळ नसलेल्या गणितालासुद्धा.

नंतर प्रत्येकाने पुढच्या वर्षीच्या ज्युनियरला पत्र लिहायचं होतं, हव्या त्या भाषेत, नाव न घालता. दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःलाही पटवत जातो, म्हणून अशा सत्रांत हे लिखाण असतंच. बहुतेकांनी मराठीत लिहिलं. एका मुलीने केटीबद्दल, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयाबद्दल, लिहिलं होतं: ‘केटी लागली तर घरी लगेच सांग. पण आधी केटी म्हणजे काय ते सांग. माझ्या पप्पांना वाटलं मला काढून टाकलं.’ हे वाचून मी पालकांना फोन करायला घेतले. केटी असली तरी नियमात बसलं तर पुढच्या वर्षात जाता येतं, विषय पुन्हा देता येतो, मुलाला घरी बोलावून घेऊ नका, एवढंच सांगायचं. एका वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, तुम्हाला होती का केटी?” होती. ग्राफिक्समध्ये. त्यानंतर संवाद सोपा झाला.

सत्राच्या खोलीबाहेरच महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या, फॉर्मचं टेबल लावलं होतं, स्टुडंट सेक्शनच्या क्लार्कसह. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’. आधार बँकेशी जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकलेल्या मुलाला मेंदूच्या लवचिकतेबद्दल ऐकवणं मला तरी निर्लज्जपणाचं वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग. आधी राहण्या-जेवणाची सोय, हा क्रम त्यांना पक्का ठाऊक होता.

निकाल? काहींचा एम-वन निघाला, काहींचा राहिला. सत्रामुळे निघाला की क्लासमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. केबिनमध्ये येणारी मुलं मात्र वाढली. एक हुशार मुलगा तरीही सोडून गेला, वडील आजारी पडले म्हणून. त्याच्या माइंडसेटमध्ये काहीच खोट नव्हती.

यंदा ती पत्रं शेवटच्या फेरीत येणाऱ्या मुलांच्या प्रवेशाच्या फाइलमध्येच घालायची ठरवली आहेत. प्राचार्यांची सही झाली. झेरॉक्सचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, यावर अकाउंट्समध्ये विचार सुरू आहे.