तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरवर औषध सापडलं का?

गेल्या महिन्यात सोसायटीच्या जिन्यात, त्याआधी एका मुंजीत, त्याच्याही आधी कर्वे रोडच्या सिग्नलला अडकलेल्या रिक्षात. प्रश्न तोच. "तुम्ही कॅन्सरच्या जीन्सवरच काम करता ना? मग एवढी वर्षं झाली, औषध कसं सापडत नाही? की सापडलंय आणि कंपन्यांनी दाबून ठेवलंय?" रिक्षावाल्यानं निदान उत्तर ऐकून घेतलं. मुंजीतल्या गृहस्थांनी रात्री मला हळदीचा व्हिडिओ पाठवला.

एरवी मी "चाललंय काम" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

कंपन्यांचं आधी उरकते. सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये 1960 साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना एक भलतंच आखूड गुणसूत्र दिसलं. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. त्या अदलाबदलीतून जे प्रथिन तयार होतं त्याला गप्प करणारी गोळी, इमॅटिनिब, 2001 मध्ये आली. एक्केचाळीस वर्षं लागली. ज्या आजारात माणूस मोजकी वर्षं काढायचा त्यात आता लोक गोळी खाऊन म्हातारे होतात. कंपनीनं ती दाबून ठेवली नाही, विकली. इतकी महाग विकली की पेटंटचं भांडण आपल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2013 मध्ये कंपनी हरली. किमतीवरून भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. दाबून ठेवल्याच्या गोष्टी मात्र मला सांगू नका.

पण त्या गोळीनं आम्हा सगळ्यांचीच डोकी फिरवली. सीएमएल हा मुख्यतः एका चुकीच्या जोरावर चालणारा कॅन्सर. आम्हाला वाटलं, बाकीचेही तसेच असतील. चूक शोधायची, तिच्यापुरती गोळी करायची, पुढचा पेशंट. मी हे कॉलेजातल्या पोरांना भाषणात सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. आणि काकालाही सांगितलं.

काका मुद्रितशोधक होता. पस्तीस वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची प्रूफं तपासली. लग्नाच्या पत्रिका आल्या की आधी लाल पेन्सिल घ्यायचा, मग मुलीचं नाव वाचायचा. बिडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. 2016 च्या पावसाळ्यात त्याचा खोकला हटेना. छातीचा फोटो, सीटी, बायोप्सी. फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींसारख्या पेशींचा कॅन्सर. तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. अशा वेळी स्वतःच्या माणसाचा रिपोर्ट दुसऱ्यानं पाहावा असा संकेत असतो. तो पाळला गेला, पण कागद सहीला जायच्या आधी मी वाचला होता.

पेशीला वाढायचा हुकूम देणाऱ्या प्रथिनाचा जो ईजीएफआर नावाचा जीन, त्याच्या एकोणिसाव्या एक्सॉनमध्ये, म्हणजे तुकड्यात, डीएनएची पंधरा अक्षरं गळलेली. भारतात या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण चारातल्या एका पेशंटला ईजीएफआरमध्ये काहीतरी चूक सापडते, आणि बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त. गोळी असलेली चूक. मी लॅबच्या जिन्यातूनच फोन केला आणि ओरडले, "काकू, सापडलं!"

रविवारी नारायण पेठेत गेले तर काका रिपोर्ट घेऊन बसलेला.

"पंधरा अक्षरं गळली आणि वाक्य तरी लागतंय?"

"तीन-तीन अक्षरांचा एक शब्द असतो काका. पंधराला तिनानं भाग जातो. पाच शब्द गेले, पुढचा मजकूर जागेवर. चौदा गळली असती तर पुढचं सगळं निरर्थक झालं असतं."

"म्हणजे अर्थ लागणारी चूक. ती सगळ्यात वाईट. नजरेतून सुटते." मग जरा थांबून म्हणाला, "बरं, सापडली ना? मग दुरुस्त कधी करताय?"

मी सांगितलं की गोळी अक्षरं परत बसवत नाही. त्या चुकीमुळे जे प्रथिन सतत 'वाढा, वाढा' म्हणत सुटलंय त्याच्या तोंडात बोळा कोंबते. त्याला ते काही पटलं नाही. "याला दुरुस्ती म्हणत नाहीत," म्हणाला. मी मनात म्हटलं, याला कुठे कळतंय.

तीन आठवड्यांत खोकला गेला. अंगावर पुळ्या आल्या, पण त्या औषध चालल्याचं लक्षण समजतात. दिवाळीच्या सुमाराला तो पर्वती चढून आला आणि वरून फोन केला. घरात मी देव झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

2017 च्या जूनमध्ये पालख्या आल्या. दरवर्षी तो चालत निवडुंग्या विठोबापर्यंत जायचा. त्या वर्षी लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि उठेना. सीटीत जुनी गाठ वाढलेली, यकृतात नवीन ठिपके.

आता जे सांगतेय ते मी मुंजीत सांगत नाही. या गोळीला कॅन्सर दाद देईनासा झाला की साधारण निम्म्या पेशंटांत त्याच जीनमध्ये एका अक्षराची नवी चूक सापडते. तिला टी-७९०-एम म्हणतात, आणि तिच्यावरची पुढची गोळी तेव्हा नुकतीच आली होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा बायोप्सी करू. मी म्हणाले, सुई कशाला? रक्तात ट्यूमरचा डीएनए उतरतो, त्यावरूनच बघू. पहिल्या बायोप्सीनंतर काकाच्या छातीत हवा भरली होती, नळी घालावी लागली होती. ते मी पाहिलं होतं. शिवाय रक्ताची टेस्ट हे माझं काम, त्याचा मला अभिमान होता. यातलं दया किती आणि ऐट किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

रक्तात जुनी पंधरा गळलेली अक्षरं स्पष्ट दिसली. नवी चूक नव्हती. म्हणजे टेस्ट नीट झाली होती आणि उत्तर 'नाही' होतं. मी ते मानलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. या सगळ्यात पाच आठवडे गेले. शेवटी यकृतातून तुकडा काढला आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला बोलावून घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली साधी गुलाबी-जांभळी स्लाइड, शंभर वर्षांपूर्वीही करायचे तशी. पहिल्या बायोप्सीत पेशी ग्रंथींसारख्या, पोकळीभोवती गोलाकार बसलेल्या होत्या. इथे नुसती गडद केंद्रकं, एकमेकांना खेटून, भांड्यातून मोहरी सांडावी तशी. स्मॉल सेल. वेगळ्याच कॅन्सरचं रूप, आणि फार झपाट्यानं वाढणारं.

"दुसरा कॅन्सर झाला का?" मी विचारलं.

"तू सांग," बाई म्हणाल्या. "ते तुझं मशीन सांगेल."

डीएनए वाचणाऱ्या मशीननं सांगितलं. तीच पंधरा अक्षरं गळलेली. त्याच कुळातला, वेश बदललेला. ईजीएफआरच्या हुकमाची याला आता गरजच उरली नव्हती, त्यामुळे तिथे नवी चूक करण्याचंही कारण नव्हतं. आमची गोळी जे दार धरून बसली होती ते सोडून हा भिंतीतून निघून गेला. असं थोड्याच पेशंटांत होतं. आणि रक्तातली अक्षरं वाचून पेशीचं रूप कळत नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः शिकवते ते.

केमो लगेच सुरू झाली. काही दिवस बरे गेले. काका संक्रांतीच्या आधी गेला.

पाच आठवडे वाचले असते तर? शहाणी माणसं म्हणतात, फार फरक पडला नसता. मीही दुसऱ्या कुणाच्या घरी हेच म्हटलं असतं.

तर तुमचा प्रश्न. पीटर नोवेल यांनीच, त्या आखूड गुणसूत्रवाल्यांनी, 1976 मध्ये लिहून ठेवलं होतं की ट्यूमर म्हणजे एका पेशीपासून वाढलेलं, पण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणारं कूळ. त्यात निवड चालते. तगतात त्या पेशी वाढतात. 2012 मध्ये लंडनच्या चमूनं मूत्रपिंडाच्या ट्यूमरमधून निरनिराळ्या जागचे तुकडे घेऊन डीएनए वाचला, तर निम्म्याहून जास्त चुका काही तुकड्यांत होत्या, काहींत नव्हत्याच. एका सुईनं आणलेला तुकडा म्हणजे एका गल्लीची खबर. आमची गोळी निवड थांबवत नाही, तीही निवडच करते. तिला दाद देणाऱ्या मरतात आणि मैदान उरलेल्यांना मोकळं होतं. यातलं एक अक्षर मला 2016 मध्ये नवीन नव्हतं. तरी मी जिन्यातून "सापडलं" म्हणून ओरडले. काकाच्या भाषेत सांगायचं तर मला वाटलं एक पान आहे. प्रत्यक्षात कोट्यवधी प्रती होत्या आणि प्रत्येकीचा छापखाना चालू होता.

मग तुझ्या कामाचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्नही येतो. हो, महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही तो टपरीवर मिळतो, आणि ती बंदी नीट पाळली गेली तर माझ्या मशीनपेक्षा जास्त जीव वाचतील. हे मी लॅबमध्येही बोलते, कुणाला आवडत नाही. पण काकानं आयुष्यात गुटखा खाल्ला नव्हता. आणि त्याच्या त्या पर्वतीच्या दिवाळीचं काय करायचं? ती त्या गोळीनंच दिली. चिडले की मला वाटतं आम्ही नुसती अक्षरं मोजत बसलोय. मग पर्वतीवरचा तो फोन आठवतो आणि तेही खरं वाटत नाही.

काही घरांत चूक जन्मापासूनच येते, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए१ जीनमधल्या चुकीसारखी, आणि तिथे वेळेवर टेस्ट केली तर बाईचा जीव वाचतो. तशा घरांना मी स्वतः फोन करते. काकाची चूक तशी नव्हती. ती फक्त ट्यूमरमध्ये होती, घराण्यात नाही.

परवा चुलतभाऊ आला होता. पोरीला दहा दिवस खोकला आहे, म्हणाला. रिपोर्ट बरोबर आणला होता, काकाचा, 2016 चा. गळलेल्या अक्षरांच्या जागी काकानं लाल पेन्सिलीनं काकपद, म्हणजे सुटलेली अक्षरं घालायची खूण, केलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'मूळ प्रत पाहावी.'

"हे पोरांत उतरत नाही ना?"

"नाही उतरत."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. तो गेल्यावर दार लावलं आणि लॅपटॉप उघडून पुन्हा सगळं वाचून काढलं.